राखाडी पॅन्ट आणि औषधवाल्याचा काटा

माझ्या मुलीचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. पायऱ्या बहात्तर. त्यातल्या पहिल्या छत्तीस मी स्वतः मोजल्या आहेत, उरलेल्या बायकोच्या सांगण्यावरून धरतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही चार तास बसने प्रवास करून तिच्याकडे गेलो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. तिथल्या एका बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीवर मी तासभर बसलो. रिकामं बसणं मला जमत नाही, म्हणून त्या बाईंच्या नवऱ्याच्या शर्टाला दोन बटणं लावून दिली. मग बायको वरून थर्मास घेऊन आली, मुलगी-जावई येऊन पाया पडून गेले, आणि आम्ही परत फिरलो. मुलीचं घर कसं आहे असं कुणी विचारलं, तर मी सांगतो, जिना चांगला आहे.

अशात मुलीचा फोन आला, की चार महिन्यांनी बाळ येणार. मला इतका आनंद झाला की मी शिलाई मशीनवरून उठून उगाच दुकानाचं शटर खाली करून पुन्हा वर केलं. मग ती म्हणाली, "आणि बाबा, तुम्ही जिन्याची काळजी करू नका. तुम्ही खाली बाकावर बसा, बाळाला आम्ही खाली आणून दाखवू."

ती मायेनेच बोलली. पण मला ते लागलं. मी पन्नाशीचा होतो तेव्हा याच मुलीने शाळेतून आल्यावर कापायच्या टेबलावर शिंप्याच्या खडूने अक्षरं काढून मला वाचायला शिकवलं. तोवर गिऱ्हाइकं मला मास्तर म्हणत आणि मास्तरांना स्वतःच्या दुकानाची पाटी वाचता येत नसे. त्या मुलीच्या दारात पोचायला मला छत्तीस पायऱ्या कमी पडत होत्या. आणि चार दिवसांच्या जिवाने आजोबाला भेटायला चार मजले उतरून यायचं? आम्ही कुणी मंत्री लागून गेलोय?

"मी वर येणार," मी म्हटलं.

"बरं बाबा," ती म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसं.

डॉक्टरांनी गुडघे दाबून बघितले. म्हणाले, "गुडघ्यांचा दोष नाही, मास्तर. ते तुमच्या पोटाला कंटाळलेत. तुम्ही एक्क्याण्णव किलो आहात. दहा किलो उतरवा आणि मग खुशाल चढा." आणि त्यांनी मला शेजारच्या खोलीत आहारवालीकडे पाठवलं.

ही आहारवाली माझ्या मुलीपेक्षाही लहान. तिने मला एक वही दिली. जे तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहायचं, रोज चालायचं आणि आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी, एकाच काट्यावर वजन करायचं. मी उशिरा लिहायला शिकलो, त्यामुळे माझा लिहिण्याचा वेग बेताचा आहे. एका बटाट्याची नोंद करेपर्यंत दुसरा बटाटा गार होतो. पहिल्या काही आठवड्यांत माझं जे वजन उतरलं, त्यातलं निम्मं मी लिहिण्याच्या कंटाळ्यानेच उतरवलं असावं.

काटा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या औषधवाल्याचा. त्याच्या पायरीवर बारा वर्षांपासून तो उभा आहे. आणि काट्यावर जाताना अंगावर राखाडी पॅन्ट. ही पॅन्ट मी सहा वर्षांपूर्वी स्वतःसाठी शिवली. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, त्यात स्वतःसाठी म्हणून मन लावून शिवलेली ही एकच. सुरुवातीला तिचा हूक लागत नव्हता. मी वरून पट्टा आवळून शर्ट बाहेर सोडत असे आणि जगाला कळत नाही असं समजत असे.

इथे कुणी विचारेल, शिंपी असून टेपने कंबर का नाही मोजली? तर आमच्या धंद्यात एक नियम आहे. ज्या म्हाताऱ्या शिंप्याकडे मी काम शिकलो, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दुसऱ्याच्या अंगाला टेप लावावी, स्वतःच्या नाही. स्वतःचं माप घेताना माणूस श्वास आत ओढतो, आणि मग कपडा आयुष्यभर श्वास ओढून घालावा लागतो." तो स्वतःचं माप कपड्यावरून काढायचा. मीही तेच करत आलो. कपडा सांगेल ते खरं.

सात आठवड्यांत काटा शहाऐंशीवर आला आणि पॅन्टचा हूक लागला. त्या दिवशी मी हूक लावून घरात दोनदा इकडून तिकडे चाललो. बायको शर्टाची काजं करत होती. तिने मान वर केली, हसली आणि पुन्हा काजं करायला लागली. आमच्याकडे कौतुक एवढंच असतं, पण ते टिकतं.

आणि मग घोडं पेंड खायला लागलं.

पुढच्या सोमवारी शहाऐंशी. त्याच्या पुढच्या सोमवारी शहाऐंशी. मी चप्पल काढून बघितली, खिशातला रुमाल काढून बघितला, श्वास सोडून बघितला. काटा ढिम्म.

"याला पठार म्हणतात, आजोबा," आहारवाली म्हणाली. "बहुतेकांचं होतं असं. वजन उतरत येतं आणि मध्येच थांबतं."

"पठार चढून गेल्यावर लागतं," मी म्हटलं. "मी तर उतरत होतो."

"उतरतानाही लागतं. घाबरून जेवण तोडू नका. फार कमी खाल्लं तर शरीर चिक्कू होतं, मिळालेलं सगळं साठवून ठेवतं. चालणं वाढवा, थोडा चढ घ्या. झोप नीट घ्या. आणि वहीत सगळं लिहिताय ना?"

"सगळं," मी म्हटलं. या उत्तराकडे पुढे परत यावं लागेल.

पठार लागल्याची बातमी गल्लीत पसरली. वजन उतरत असताना कुणी विचारत नव्हतं. अडलं म्हटल्यावर जो तो धावला. आमच्या भिंतीला भिंत लागून एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. त्यांनी मला बोलावून बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं, की घास बत्तीस वेळा चावायचा. "दात तेवीसच उरलेत," मी म्हटलं. "मग प्रमाणात काढा," ते म्हणाले आणि कागदावर हिशेब मांडून दाखवला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, की डाव्या हाताने खायचं म्हणजे कमी जातं. तसं करून बघितलं. कमी गेलं हे खरं, पण उरलेलं शर्टावर गेलं. औषधवाला म्हणाला, "मास्तर, तुम्ही उभे चुकीचे राहता. वजन टाचेवर घ्या." मी टाचेवर घेतलं. शहाऐंशी. चवड्यावर घेतलं. शहाऐंशी.

तिसऱ्या सोमवारी घरी येऊन मी राखाडी पॅन्ट खुंटीला लावली आणि बायकोला म्हटलं, "राहू दे. माझ्याच्याने होत नाही. मी खाली बाकावरच बसेन. नाहीतर फोटोत बघेन बाळाला, फोटो छान येतात हल्ली."

 तिच्या हातात सुई होती. सुई हातात असताना ती बोलत नाही.

त्या आठवड्यात मी चालायला गेलो नाही. पुढच्या सोमवारी नुसती सवय म्हणून राखाडी पॅन्ट चढवली, तर हूक अलगद लागला. अगदी लोण्यात सुरी जावी तसा. मी पट्ट्यावर हात ठेवून उभाच राहिलो. काट्यावर गेलो, तर शहाऐंशी. पण मला आता काट्याची पर्वा नव्हती. मी त्या दिवशी गल्ली ओलांडून टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेलो, आणि दुसऱ्या दिवशीही गेलो. पाचव्या सोमवारी पॅन्ट आणखी सैल. सहाव्याला आणखी. टाकीपर्यंतची एक फेरी होती तिच्या मी दोन केल्या, मग तीन. टाकीच्या राखणदाराला वाटलं, मी पाण्याची तपासणी करायला येतो. तो मला बघून नळ पुसायला लागायचा.

काटा मात्र शहाऐंशीला चिकटून बसलेला.

आता सांगा, शिंप्याने कुणावर विश्वास ठेवायचा? कपडा माझ्या हातचा, शिवण माझ्या हातची. काटा कुणाच्या हातचा, देव जाणे. मी सरळ निष्कर्ष काढला, की काटा खोटा आहे.

औषधवाल्याला हे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. तरी तो दुखावला. "बारा वर्षं अख्खी गल्ली याच्यावर उभी राहते, मास्तर. कुणाची तक्रार नाही."

"अडकतो कुठे ते ज्याचं अडकतं त्यालाच कळतं," मी म्हटलं.

बायको म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." पण म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, हे मला नंतर आठवलं.

दुसरं मत घ्यावं म्हणून मी पोस्टात गेलो. तिथे पार्सलचा मोठा काटा आहे. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पार्सल कुठाय?"

"मीच आहे."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पस्तीस किलोच्या वर घेत नाही," तो म्हणाला. "आणि गुंडाळलेलं लागतं."

रांगेतली माणसं हसली. मी बाहेर पडलो. मागून कुणीतरी म्हणालं, "परत पाठवलं बिचाऱ्याला, पत्ता अपुरा." चाळीस वर्षं कातरी चालवलेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचं.

शेवटी हेडक्लार्क म्हणाले, "मास्तर, हा प्रश्न लेखी सोडवायचा आहे." त्यांचे डोळे चमकत होते. निवृत्तीनंतर त्यांना एकही अर्ज करायला मिळाला नव्हता. ते मजकूर सांगायला लागले, पण मी म्हटलं, लिहिणार मी. आयुष्यात कितीतरी अर्जांवर मी अंगठा उठवला होता. हा पहिला अर्ज माझ्या हातचा असणार होता. तीन संध्याकाळी लागल्या. 'विषय : काटा पुढे सरकत नसल्याबाबत.' हेडक्लार्कांनी चार ठिकाणी 'सबब' घातलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

वजनमापांच्या कचेरीत तीन खिडक्या होत्या. पहिलीने तिसरीकडे पाठवलं, तिसरीने दुसरीकडे. दुसरीतल्या बाईंनी अर्ज वाचून विचारलं, "काटा तुमचा आहे?"

"औषधवाल्याचा."

"मग तक्रार त्याने करायची."

"तो कशाला करेल? तो म्हणतो काटा बरोबर आहे."

"मग तक्रार कुठे आहे?"

"माझी पॅन्ट सैल झालीय," मी म्हटलं. आता वाटतं, हे वाक्य सरकारी कचेरीत उभं राहून म्हणायला नको होतं. बाईंनी एकदा अर्जाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हा अर्ज तुम्ही स्वतः लिहिलात? अक्षर सुरेख आहे." आणि ठप्पा मारून त्यांनी अर्ज आत घेतला. त्या ठप्प्याच्या आवाजाने मला जेवढं बरं वाटलं तेवढं हूक लागल्यावरही वाटलं नव्हतं.

पुढच्याच सोमवारी निरीक्षक आले. पठाराचा तो सातवा सोमवार. वीस-वीस किलोची चार लोखंडी वजनं आणि बारक्या वजनांची एक पेटी घेऊन. सगळी गल्ली जमली. काकू वरून उतरल्या. हेडक्लार्क इस्त्रीचे कपडे करून माझ्या बाजूला उभे, वकील असावेत तसे. औषधवाला हाताची घडी घालून. आणि मी राखाडी पॅन्टमध्ये, पट्टा न लावता. पुरावा होता तो.

निरीक्षकांनी एक वजन ठेवलं, वीस. दोन, चाळीस. साठ. ऐंशी. मग पेटीतली बारकी वजनं एकेक करून. काटा शहाण्या मुलासारखा वागत होता. शेवटी त्यांनी पाना घेऊन काहीतरी अर्ध्या वेढ्याने फिरवलं. "फरक होता," ते म्हणाले.

मी विजयाने गल्लीकडे बघितलं.

"दोनशे ग्रॅम कमी दाखवत होता. आता बरोबर आहे. उभे राहा."

मी उभा राहिलो. शहाऐंशी किलो दोनशे.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. सरकारी खर्चाने माझं वजन दोनशे ग्रॅम वाढलं होतं, वर शिक्कामोर्तबही झालं होतं. मी तावातावाने खाली उतरलो आणि निरीक्षकांना समजवायला दोन्ही हात वर केले. हात वर केले आणि पॅन्ट खाली गेली.

तशी फार नाही गेली. गुडघ्यांनी संप न करता जन्मात पहिल्यांदा चपळाई दाखवली, मी पटकन खाली वाकून तिला मांडीवरच पकडलं. पण गल्लीने जे बघायचं ते बघितलं. काकू म्हणाल्या, "अगबाई, मास्तर खरंच वाळले की." औषधवाला म्हणाला, "पण काटा..." हेडक्लार्क म्हणाले, "सबब..."

निरीक्षक शांत माणूस होता. वजनं पेटीत ठेवता ठेवता म्हणाले, "हे बघा मास्तर. एक तर काटा खोटा, नाहीतर पॅन्ट. काट्यावर मी शिक्का मारलाय. आता पॅन्ट तपासा."

घरी आलो तेव्हा बायको बाजारात गेली होती. मी पॅन्ट उलटी केली, खिडकीपाशी धरली आणि चष्मा लावला.

पॅन्ट शिवताना मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना एकेक इंच कापड दाबून ठेवायची माझी पद्धत आहे. माणूस जाड होणार हे शिंप्याने धरून चालायचं असतं. गिऱ्हाईक चार वर्षांनी शरमून येतं, तेव्हा ते कापड सोडायचं आणि जास्त बोलायचं नाही. माझ्या राखाडी पॅन्टच्या मागच्या शिवणीत दाबलेलं कापड उरलंच नव्हतं. होत्या त्या सुईच्या बारीक भोकांच्या ओळी, एकीच्या शेजारी एक, पाव पाव इंचावर. पहिली ओळ माझ्या शिवणीची. मग आणखी तीन. आणि सगळ्यात बाहेरून, अगदी कापडाच्या काठाला, हाताने घातलेली ताजी शिवण. प्रत्येक सातव्या टाक्याला बारीक उलटा टाका. गेली बेचाळीस वर्षं माझ्या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पॅन्टची तुरपाई त्याच हाताने केलेली आहे. ती शिवण मी अंधारात बोटाने ओळखेन.

चार सोमवारांसाठी चार वेळा. मशीनचा आवाज झाला असता म्हणून हाताने. मी बाकावर बसेन म्हणालो, त्या आठवड्यापासून.

 आधी राग आला. शिंप्याला त्याच्याच कपड्यात फसवायचं म्हणजे फार झालं. मग टाकीपर्यंतच्या तीन फेऱ्या आठवल्या. आणि मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. कापड संपलं होतं. येत्या सोमवारी तिच्याकडे सोडायला काही उरलं नव्हतं. तिच्या शिवणाच्या पिशवीत मला एक राखाडी तुकडाही सापडला, जवळपास त्याच रंगाचा. कुठल्या तरी गिऱ्हाइकाच्या उरलेल्या कापडातून निवडून ठेवलेला. मागे पाचर मारायचा बेत असावा. रंग अर्ध्या छटेने चुकला होता. तिच्या ते लक्षात आलेलं असणार, कारण तुकडा तीन वेळा घडी करून परत ठेवलेला दिसत होता.

मी पॅन्ट सुलट केली आणि खुंटीला होती तशी लावली. आता खरोखरच बारीक होण्याखेरीज इलाज नव्हता. नाहीतर ती बिचारी उघडी पडली असती.

वही घेऊन मी तडक आहारवालीकडे गेलो आणि म्हटलं, "पोरी, मी सगळं लिहितो म्हणालो ते तपास."

ती पानं उलटत गेली. मध्येच थांबली. "आजोबा, हे काय? सोमवार, सल्ला. मंगळवार, सल्ला दोनदा. गुरुवार, काकूंकडे सल्ला."

"कुणाकुणाकडे गेलो ते लक्षात राहावं म्हणून लिहिलं."

"सल्ल्याबरोबर काही होतं का?"

"काही नाही. चहा."

"साखरेचा?"

"लोक प्रेमाने देतात."

"आणि?"

"बिस्किटं," मी म्हटलं. "पण ती मी खाल्ली नाहीत, मला आग्रह केला."

तिने पेन्सिलीने हिशेब केला. सात आठवड्यांत मी एकशे एक सल्ले प्यालो होतो. कधी दोन बिस्किटांचे, कधी चार. हेडक्लार्कांकडे तर बत्तीस वेळा चावायचं शिकवताना सरावासाठीच बिस्किटं दिली होती. "टेकडीवर जे कमावलंत," आहारवाली म्हणाली, "ते शेजाऱ्यांनी परत भरलं." हसू आवरायला तिने वही तोंडासमोर धरली.

त्या दिवसापासून मी सल्ले बंद केले. म्हणजे ऐकायचे, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून. काकू रुसल्या. हेडक्लार्क म्हणाले, बाहेर उभ्या माणसाला सल्ला देता येत नाही, तो त्याच्या अंगी लागत नाही. मी म्हटलं, तेच तर.

पुढच्या सोमवारी बायको माझ्याआधी उठून बसली होती. मी पॅन्ट चढवताना ती आतल्या खोलीच्या दारात उभी, हातात कापड नाही, सुई नाही, काही नाही. मी हूक लावला. पोटाला लावलेला हात काढला. "आजही सैल आहे," मी म्हटलं. तिचा चेहरा असा झाला, की तिला स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही कळेना.

औषधवाल्याच्या काट्यावर पंच्याऐंशी किलो तीनशे. त्याच्या पुढच्या सोमवारी चौऱ्याऐंशी आठशे. औषधवाल्याने आपण होऊन पाटीवर लिहिलं, 'हा काटा सरकारने तपासलेला आहे', आणि त्याचं गिऱ्हाईक वाढलं.

दहा किलो काही झाले नाहीत. बाळाने वाट बघितली नाही. आठवडाभर आधीच आलं. नात झाली. आम्ही पोचेपर्यंत मुलगी तिला घेऊन दवाखान्यातून घरीही आली होती.

जिन्याच्या पायथ्याशी बाक होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बायको एक पायरी मागे राहिली, मी पडलोच तर धरायला. तिचं वजन बावन्न आहे. मी पडलो असतो तर दोघंही थेट बाकावरच गेलो असतो. पण तिला ते सांगण्यात अर्थ नव्हता.

पहिला मजला टाकीच्या चढासारखा गेला. दुसऱ्या मजल्यावर त्याच बाईंनी दार उघडलं. "मास्तर," त्या म्हणाल्या आणि खुर्ची आणायला वळल्या.

"नको," मी म्हटलं. "आज वर काम आहे."

"बटणं अजून पक्की आहेत हो," त्या मागून म्हणाल्या.

सदतिसावी पायरी. इथून पुढचं सगळं मला नवीन होतं. तिसऱ्या मजल्यावर मात्र गुडघे बोलायला लागले. मी कठड्याला धरून थांबलो. श्वास लागला होता. बायकोने हातातली पिशवी खाली ठेवली.

"चला हळूहळू," ती म्हणाली. "केवढे बारीक झालात. पॅन्ट बघा किती सैल झालीय."

"झालीय," मी म्हटलं. "फक्त मागची शिवण जरा तिरकी गेलीय."

 आम्ही चढायला लागलो. एक पायरी, दोन, तीन, चार. पाचव्या पायरीवर मागून आवाज आला.

"उजेड कमी होता."

"तरी टाका चांगला आहे," मी म्हटलं.

"मग? बेचाळीस वर्षं काय केलं मी?"

राहिलेल्या पायऱ्या मोजायच्या राहून गेल्या. बहात्तर आहेत असं म्हणतात.

मुलीने दार उघडलं तेव्हा ती रडायला लागली, आणि मी दम लागल्यामुळे बोलू शकत नव्हतो, त्यामुळे सगळं नीट पार पडलं. मग तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. चाळीस वर्षं मी माणसं नजरेने मोजत आलोय, पण एवढं लहान गिऱ्हाईक माझ्याकडे कधी आलं नव्हतं. मी शिवून नेलेलं झबलं तिला घातलं, तर तिचे हात बाहीत कुठे गेले ते शोधावं लागलं.

दोन दिवस आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी बाळाला तपासायला घेऊन गेली आणि परत आली ती तोंड पाडून. "बाबा, वजन वाढत नाहीये तिचं. मागच्या वेळी होतं तेवढंच. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवसांत होतं असं, काळजी करू नका. पण काटा हललाच नाही." आणि तिचे डोळे भरून आले.

सगळ्या घरात या विषयावर अधिकाराने बोलू शकणारा माणूस मी एकटाच होतो. मी बाळाला नीट मांडीवर घेतलं.

"याला पठार म्हणतात," मी म्हटलं. "चढतानाही लागतं आणि उतरतानाही. डॉक्टरांनी सांगितलंय ते कर, वेळेवर दूध पाज, आणि शेजाऱ्यांचं ऐकू नकोस. काट्याकडे सारखं बघत बसू नये. त्यापेक्षा हे झबलं बघत जा. आज ढगळ आहे. आठ दिवसांनी घट्ट झालं, की समज बाळ वाढलं."

"खरंच?" मुलगी म्हणाली. डोळे पुसून तिने झबल्याला हात लावून बघितला. तिला जरा धीर आला असावा.

मी समाधानाने मान वळवली. बायको खिडकीपाशी उजेडात बसली होती. मांडीवर बाळाचं दुसरं झबलं उलटं करून घेतलेलं, पिशवीतून दोरा काढलेला, आणि डोळा बारीक करून ती सुईत ओवत होती.

"ठेव ती सुई खाली," मी म्हटलं.